कोपराचं दुखणं: नाव खेळाचं, भोग कामाचे

कोपराच्या बाहेरच्या बाजूचं हाड दाबलं की कळ येते. भरलेली कळशी उचलताना, लुगडं पिळताना ती मनगटापर्यंत उतरते. डॉक्टर याला ‘टेनिस एल्बो’ म्हणतात. आपण तर कधी टेनिस खेळलो नाही. मग हे नाव आपल्या कोपराला चिकटलं कसं?

१८७३ साली जर्मनीतल्या रुंगे नावाच्या डॉक्टरांनी हे दुखणं नोंदवलं, ते लिहिण्याचं काम करणाऱ्यांच्या हातात. लॉन टेनिस खेळाचं पेटंट इंग्लंडात घेतलं गेलं १८७४ साली. म्हणजे दुखण्याची नोंद आधीची. पुढे १८८३ साली तिथल्या वैद्यकीय नियतकालिकात ‘लॉन टेनिस एल्बो’ असं छापून आलं आणि खेळाचं नाव कायमचं लागलं. आजही हे दुखणं असणाऱ्या बहुतेकांनी टेनिसची बॅट हातात धरलेली नसते.

मनगट वर उचलणारे स्नायू कोपराच्या बाहेरच्या हाडाला दोरीसारख्या पट्टीनं बांधलेले असतात. मूठ आवळली की ही दोरी ताणली जाते. निंदताना, सोयाबीन सोंगताना, पऱ्हाटी उपटताना आपण दिवसभर मूठ आवळतो. दोरी रोज थोडी झिजते आणि भरून यायला तिला उसंत मिळत नाही. पूर्वी ही नुसती सूज समजली जाई. १९७९ साली अमेरिकेतल्या नर्शल आणि पेट्रोन या डॉक्टरांनी आपल्या शस्त्रक्रियांचा अभ्यास छापला. दोरीचे धागेच खराब होऊन विसकटतात, हे त्यांनी दाखवलं. तेवढा खराब भाग छोट्या छेदातून काढून टाकायचा, ही त्यांची पद्धत पुढे जगभर गेली.

आपल्याकडे हे नाव घरोघरी पोचलं ते सचिन तेंडुलकरमुळे. २००४ साली त्याचा डावा कोपर दुखावला. ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या पहिल्या दोन कसोट्या हुकल्या. ऑक्टोबरमध्ये तो नागपूरला खेळला, पण ८ आणि २ धावांवर बाद झाला. मे २००५ मध्ये लंडनला शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर पाच महिन्यांनी, २५ ऑक्टोबर २००५ ला, पुन्हा नागपुरातच श्रीलंकेविरुद्ध त्यानं ९३ धावा काढल्या. त्या पाच महिन्यांत त्याच्या हाताला विश्रांती आणि व्यायाम मिळाला. शस्त्रक्रियेइतकीच ही गोष्टही लक्षात ठेवण्यासारखी आहे.

बहुतेक जणींना शस्त्रक्रिया लागत नाही. काम हलकं केलं आणि नेमानं व्यायाम केला, तर साधारण वर्षभरात दुखणं ओसरतं. हात मांडीवर टेकवा, तळवा खाली ठेवा, मुठीत छोटं वजन धरा आणि मनगट सावकाश खाली सोडा. वजन उचलताना तळवा वर ठेवा. स्टिरॉइडच्या इंजेक्शननं काही आठवडे बरं वाटतं, पण दुखणं पुन्हा उलटण्याची भीती असते, म्हणून ते वारंवार घेऊ नये. सहा महिने ते वर्षभर हे सगळं करूनही फरक पडला नाही, तरच डॉक्टर शस्त्रक्रियेचा विचार करतात. त्यानंतरही जड कामाला काही महिने हात लावता येत नाही. बोटांना मुंग्या येत असतील किंवा कोपर सुजून ताप येत असेल, तर दुखणं वेगळं असू शकतं. तेव्हा थांबू नका. यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात अस्थिरोग विभाग आहे, तिथं दाखवा.

खेळाडूला पाच महिने मिळाले. रोजमजुरीवर जाणाऱ्या बाईला पाच दिवसही मिळत नाहीत, आणि ‘कामाची सवय नाही’ असं ऐकावं लागतं ते वेगळंच. म्हणून गटाच्या पुढच्या बैठकीत एकमेकींना विचारू या, कुणाचा कोपर दुखतो? जिचा दुखत असेल तिला निंदणाऐवजी हलकं काम द्यायचं, तिचं पाणी काही दिवस आपण भरायचं, एवढं आपल्या हातात आहे.