एका चित्रकथेचे भाष्यकार

इ. स. १९१४ च्या जानेवारींत लंडन शहरीं एक विलक्षण खटला चालला. आरोपीचें नांव जॉन जास्पर. आरोप, एडविन ड्रूड नामक तरुणाचा खून केल्याचा. न्यायासनावर चेस्टरटन बसले होते आणि पंचांचे प्रमुख होते बर्नार्ड शॉ. गंमत अशी कीं, आरोपी आणि मयत या दोघांपैकीं एकही मनुष्य या भूतलावर कधीं जन्मास आला नव्हता. डिकन्सनें ‘एडविन ड्रूडचें रहस्य’ ही कादंबरी बारा मासिक भागांत लिहावयाचें योजिलें होतें. परंतु सहा भागांपुरता मजकूर झाला असतां १८७० च्या ९ जून रोजीं तो वारला. ड्रूड मेला कीं नुसता नाहींसा झाला, मेला असल्यास कोणाच्या हातून, याचा निवाडा करण्यासाठीं चव्वेचाळीस वर्षांनंतर डिकन्सचे भक्त कोर्ट भरवून बसले. पंचांनीं खुनाऐवजीं सदोष मनुष्यवधाचा निकाल दिला, आणि न्यायाधीशमहाराजांनीं स्वतःस वगळून सर्व उपस्थितांस कोर्टाच्या बेअदबीबद्दल शिक्षा फर्माविली!

हा अर्थात् विनोद होता. परंतु हप्त्याहप्त्यानें निघणारी कथा मधल्या काळांत वाचकाच्या हातीं कांहीं काम देऊन जाते, ही गोष्ट त्या विनोदाच्या मुळाशीं आहे. मागचे धागे जुळवावयाचे, पुढचे तर्क करावयाचे, आणि आपला तर्क शेजाऱ्याच्या तर्काशीं भांडवावयाचा, हें तें काम. आमच्या या शतकांत एका कथेच्या वाचकांवर हें काम इतकें येऊन पडलें कीं, त्यांच्या श्रमांवांचून ती कथा उभीच राहिली नसती. तिचा वृत्तांत येथें सांगावयाचा आहे.

‘होमस्टक’ हें त्या कथेचें नांव. कर्ते अँड्र्यू हसी हे अमेरिकन चित्रकार. ही कथा कागदावर छापली जात नव्हती. इंटरनेटवर, एकेका पानानें, १३ एप्रिल २००९ पासून ती प्रसिद्ध होऊं लागली व बरोबर सात वर्षांनीं, १३ एप्रिल २०१६ रोजीं, संपली. पृष्ठसंख्या आठ हजारांवर आणि शब्द सुमारें आठ लक्ष. चित्रें, हलतीं चित्रें, संगीत, वाचकानें स्वतः खेळावयाचे लहान खेळ आणि पात्रांचीं लांबच लांब लेखी संभाषणें, असा तिचा संमिश्र देह होता. संगणकाच्या बाल्यावस्थेंत लेखी आज्ञा देऊन खेळावयाचे साहसखेळ असत. त्यांचें विडंबन करण्यापासून हसी यांनीं आरंभ केला. चित्राखालीं वाचकांनीं आज्ञा सुचवावी, त्यांतील एक लेखकानें उचलावी, आणि पुढील चित्र त्या आज्ञेबरहुकूम काढावें, अशी रीत होती. ‘होमस्टक’च्या पूर्वीं निघालेली ‘प्रॉब्लेम स्लूथ’ ही सुमारें सतराशें पानांची कथा याच रीतीनें सिद्ध झाली होती.

नव्या कथेच्या पहिल्या पानावर एक मुलगा आपल्या खोलींत उभा आहे. त्याचा तेरावा वाढदिवस आहे, आणि त्याचें नांव अद्याप ठरावयाचें आहे. प्रथम एक अत्यंत अशिष्ट नांव सुचविलें जातें, तें नाकारलें जातें, आणि मुलगा जॉन एग्बर्ट होतो. वाचकास वाटतें, सूत्रें आपल्या हातीं आहेत. पुढें कथा एका ओसाड भावी काळांत शिरते. तेथें एक भटक्या जमिनीखालील कोठडींत एका यंत्रासमोर बसला असून, पडद्यावर दिसणाऱ्या जॉनला तो आज्ञा टाइप करीत आहे! ज्या आज्ञा बाहेरून येत आहेत असें आपण समजत होतों, त्यांपैकीं कांहीं या कथेंतीलच एका पात्राच्या होत्या. वाचकाची जागा लेखकानें अशी हळूच कथेंत ओढून घेतली. कालांतरानें सूचनांचा इतका पूर आला कीं, त्यांत हवी ती सूचना सांपडूं लागली. मग निवडणें आणि स्वतः लिहिणें यांत भेद तो काय राहिला? ती रीत बंद झाली. वाचक आज्ञा देणारा होता, तो आतां भाष्यकार झाला.

भाष्याची गरज किती होती, हें कळण्यासाठीं कथानकाचा थोडा मासला पाहिला पाहिजे. सबंध कथानक सांगण्याचें धाडस आम्ही करीत नाहीं. जॉन आणि रोझ, डेव्ह, जेड हे त्याचे तीन दूरस्थ मित्र मिळून एक संगणक-खेळ खेळूं लागतात. खेळ सुरू होतांच उल्कांचा वर्षाव होऊन पृथ्वी नष्ट होते, आणि खेळ जिंकल्यास एक नवें विश्व निर्माण व्हावयाचें असतें. इतकें सरळ आहे. परंतु एका प्रयोगशाळेंत जॉनच्या हातूनच आठ अर्भकें निर्माण होतात: तो स्वतः, त्याचे तीन मित्र आणि त्या चौघांचीं पालक माणसें. हीं अर्भकें उल्कांवर बसून निरनिराळ्या सालीं पृथ्वीवर उतरतात. तेव्हां जॉन हा स्वतःच्या जन्मास कारण ठरतो. त्याची आजी रक्ताच्या नात्यानें त्याची आई निघते. आणि जेड मैत्रीण नसून सख्खी बहीण. वंशावळींचे घोळ आमच्या वाचकांस अपरिचित नाहींत, पण या वंशावळीची रेघ वर जातां जातां खालींच येऊन मिळते. पांचव्या अंकाच्या अखेरीस तर सर्व डाव पुसून नव्यानें मांडला जातो, आणि नव्या डावांत पालक मुलें होतात व मुलें पालक.

याहून बिकट प्रकरण करकॅटचें. पहिल्या अंकांपासून कांहीं अनोळखी माणसें मुलांना लेखी संदेश पाठवून सतावीत असतात. इंग्रजींत अशा उपद्रवी लोकांस ‘ट्रोल’ म्हणतात, आणि तो शब्द आतां मराठी वर्तमानपत्रांतही रुळला आहे. वाचकांनीं हीं माणसें तशींच समजून सोडून दिलीं. २०१० च्या उन्हाळ्यांत पांचवा अंक सुरू झाला आणि कळून आलें कीं, हे बारा जण खरोखरीच ट्रोल नांवाच्या निराळ्या जातीचे, निराळ्या विश्वांतले जीव आहेत. बारा राशींचीं बारा चिन्हें ते धारण करतात. मुलांच्या आधीं तोच खेळ ते खेळले, आणि त्यांच्या विजयांतून जें विश्व निघालें तें आपलें! शिवाय मुलांच्या आयुष्यांतील वाटेल त्या क्षणीं ते संदेश पाठवूं शकतात. करकॅट जॉनला शेवटून आरंभाकडे असे संदेश पाठवीत जातो. त्यामुळें जॉनचें पहिलें संभाषण तें करकॅटचें अखेरचें ठरतें. जॉन त्याला ओळखूं लागतो तसतसा करकॅट त्याला कमी ओळखीत जातो. पूर्वीं उपद्रव म्हणून चाळून टाकलेलें प्रत्येक संभाषण वाचकांस परत फिरून वाचावें लागलें. आमच्या मतें संपूर्ण कथेंतील ही सर्वांत सुंदर युक्ति होय. कारण येथें गुंतागुंत ही करामत राहत नाहीं, तिच्यांतून दोन मुलांच्या स्नेहाची एक करुण बाजू दिसूं लागते.

मग वाचकांनीं काय केलें? प्रत्येक ट्रोलची लिहिण्याची तऱ्हा आणि शाईचा रंग वेगळा; एक अक्षरांच्या जागीं आंकडे घालतो, एक मोठीं व लहान अक्षरें आळीपाळीनें लिहितो. वाचकांनीं त्यावरून बोलणारा ओळखण्याचीं कोष्टकें केलीं. संभाषणें एकदां जॉनच्या क्रमानें व एकदां करकॅटच्या क्रमानें लावलीं. कोणता काळप्रवाह खरा व कोणता फुकट गेलेला, याचे नकाशे काढले. सर्वांनीं मिळून एक प्रचंड कोश रचला. लेखकासही याची जाणीव होती. मधूनमधून तो स्वतःच मागील कथेचा सारांश देई, आणि त्या सारांशांतील वाक्यावाक्यास मूळ पानाची दिशा जोडलेली असे. २५ ऑक्टोबर २०११ रोजीं पांचव्या अंकाचा शेवट करणारें सुमारें तेरा मिनिटांचें ‘कॅस्केड’ हें चलच्चित्र निघालें, तेव्हां तें पाहण्यासाठीं इतकी झुंबड उडाली कीं, ज्या संस्थळावर तें ठेविलें होतें तें कोलमडलें.

दोष सांगितल्यावांचून पुढें जाणें बरें नव्हे. रोज पानें काढण्याच्या घाईंत लेखक धागे उचली तितक्या सहज ते टाकूनही देई. सहावा अंक स्वतःच सहा अंकांत विभागला गेला आणि त्यांतील सहाव्याचे पुन्हां अंक पडले. ही थट्टा असेल, पण ती लांबली. ऑक्टोबर २०१३ पासून पुरें एक वर्ष कथा थांबली. त्या रिकाम्या वर्षांत वाचकांनीं जे तर्क बांधले ते कथेपेक्षांही मोठे झाले. म्हणूनच २०१६ मधील शेवटचा अंक केवळ नऊ मिनिटांचें निःशब्द चलच्चित्र निघाला तेव्हां पुष्कळांस राग आला. सात वर्षें हिशेब ठेवणाऱ्यांस त्यावर लेखकाची सही हवी होती. ती मिळाली नाहीं. तो राग आम्हांस अन्यायाचा वाटत नाहीं.

आम्ही स्वतः ही कथा संपल्यानंतर वाचली. पहिलीं कांहींशें पानें कोणाचें साह्य न घेतां वाचूं, असा ताठा होता. तो टिकला नाहीं, आणि वाचकांच्या त्या कोशास शरण जावें लागलें. शंका फिटली, पण दुसरीच हुरहूर लागली. कोशांत उत्तरें आहेत, तर्क नाहींत. करकॅट उपद्रवी मुलगा आहे असें हजारों लोक एक वर्ष समजत होते, ही गोष्ट त्या नोंदींत कोठेंच सांपडत नाहीं. नवें पान निघालें कीं जुनी समजूत पुसून तिच्या जागीं सत्य लिहिलें जाई. कथा जपली गेली, तिचें वाचन मात्र त्याच हातांनीं पुसलें गेलें. डिकन्सच्या भक्तांस निदान हें भय नव्हतें, कारण त्यांचें उत्तर कधींच यावयाचें नव्हतें.

पुढें कथेवरही संकट आलें. तिचीं चलच्चित्रें व खेळ ‘फ्लॅश’ नांवाच्या साधनावर चालत. अडोबी कंपनीनें २०२० च्या अखेरीस तें साधन बंद केलें. मूळ संस्थळावर पुष्कळशा भागांच्या जागीं साधीं ध्वनिचित्रें आलीं. वाचकानें स्वतः हाताळावयाचें तें नुसतें पाहावयाचें झालें. तेव्हां कांहीं वाचकांनींच त्या वर्षीं सर्व पानें, चलच्चित्रें, खेळ व संगीत एकत्र करून आपल्या घरच्या संगणकावर पूर्ववत् चालेल असा एक अनधिकृत संग्रह सिद्ध केला. त्यांत नवख्या वाचकासाठीं एक विशेष सोय आहे. ती लाविली असतां, आपण ज्या पानापर्यंत वाचलें असेल त्याच्या पुढील सर्व कांहीं झांकलेलें राहतें: पात्रांचीं नांवें, गाणीं, प्रकरणांचीं शीर्षकें, सारें. एकेक पान उलटावें, तसतसा पडदा थोडा थोडा वर जातो; आणि पांचव्या अंकापर्यंत करकॅट हा पुन्हां एक अनोळखी, त्रासदायक मुलगाच असतो.