हरवलेल्या मुलांचा शोध व दोन दफ्तरें

हरवलेल्या मुलांच्या शोधाचा इतिहास हा मुख्यतः कागदपत्रांचा इतिहास आहे, असें म्हटल्यास वाचकांस प्रथमदर्शनीं नवल वाटेल. परंतु वस्तुस्थिति तशीच आहे. मूल हरवलें म्हणजे एक नोंद आईबापांच्या गांवच्या पोलीसठाण्यांत होते. तेंच मूल दूरच्या एखाद्या रेल्वेस्थानकावर सांपडलें म्हणजे दुसरी नोंद तेथील बालगृहाच्या वहींत होते. दोन्ही नोंदी एकाच मुलाच्या. पण एक पोलिसांच्या दफ्तरीं, दुसरी धर्मादाय संस्थेच्या, आणि मध्यें शेंकडों कोसांचें अंतर. एकाच बखरीचीं दोन अर्धीं दोन वाड्यांत पडून असावींत आणि एका मालकास दुसऱ्याची वार्ताहि नसावी, तशांतलाच हा प्रकार. हीं दोन दफ्तरें आपल्या देशांत एकमेकांजवळ कशीं आलीं, आणि त्या कामीं यंत्राची साक्ष कितपत ग्राह्य धरावी, एवढेंच आम्हांस येथें पाहावयाचें आहे.

प्रथम पोलिसांचें दफ्तर घेऊं. मूल हरवल्याची तक्रार फार दिवस बहुधा ठाण्याच्या रोजनाम्यांत टिपली जाई. गुन्हा म्हणून ती नोंदली जाईच असें नव्हतें. नोएडाजवळील निठारी येथें २००६ च्या डिसेंबरांत मुलांचे अवशेष सांपडले, तेव्हां तेथील आईबापांच्या तक्रारींची पूर्वीं कशी उपेक्षा झाली होती तें उघड झालें. पुढें 'बचपन बचाओ आंदोलन' या संस्थेच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयानें १० मे २०१३ रोजीं असा आदेश दिला कीं, हरवलेल्या प्रत्येक मुलाची तक्रार गुन्हा म्हणून नोंदवावी, आणि अन्यथा सिद्ध होईपर्यंत अपहरण किंवा मनुष्यव्यापार झाला आहे असें गृहीत धरून तपास करावा. 'मूल रागावून गेलें असेल, येईल आपोआप' असें म्हणून कागद बाजूस सारण्याची वाट या आदेशानें बंद केली.

दुसरें दफ्तर संस्थांचें. मुंबईस १९९६ सालीं टाटा समाजविज्ञान संस्थेच्या आश्रयानें 'चाइल्डलाइन'चा १०९८ हा दूरध्वनि सुरू झाला व पुढें देशभर पसरला. २०२३ पासून त्याचा कारभार सरकारकडे गेला असून तो ११२ या आपत्कालीन क्रमांकाशीं जोडण्यांत आला आहे. दोन्ही दफ्तरें एकत्र आणण्यासाठीं केंद्र सरकारनें 'ट्रॅकचाइल्ड' ही संगणकीय नोंदवही काढली. तींत हरवलेल्यांची नोंद पोलिसांनीं करावी आणि सांपडलेल्यांची बालगृहांनीं, अशी योजना. २०१५ सालीं सामान्य नागरिकासहि माहिती देतां यावी म्हणून 'खोया-पाया' निघालें. तथापि कागद कागदास आपण होऊन भेटत नाहीं. गाझियाबादच्या पोलिसांनीं २०१४ सालीं 'ऑपरेशन स्माइल' या मोहिमेंत स्वतः बालगृहांत जाऊन मुलांस नांवगांव विचारिलें. तोच क्रम २०१५ सालीं 'ऑपरेशन मुस्कान' या नांवानें देशभर झाला.

आतां यंत्राची साक्ष. दिल्ली पोलिसांनीं एप्रिल २०१८ मध्यें चेहरा ओळखणारें यंत्र बालगृहांतील सुमारें ४५,००० मुलांवर चालविलें आणि चार दिवसांत २,९३० मुलें ओळखलीं, असा वृत्तांत दिल्ली उच्च न्यायालयापुढें आला. परंतु त्याच वर्षीं ऑगस्टांत त्याच न्यायालयांत त्या यंत्राची अचूकता शेंकडा २ सांगण्यांत आली. आणि २०१९ सालीं ती शेंकडा १ हूनहि कमी असून यंत्रास मुलगा-मुलगी हा भेदहि नीट कळत नाहीं, असें निवेदन झालें. एकाच यंत्राविषयींच्या या दोन साक्षींचा मेळ कसा घालावा? आमच्या मतें घोटाळा 'ओळखलीं' या शब्दांत आहे. यंत्रानें दोन चित्रें जुळविणें निराळें, आणि चौकशी होऊन मूल घरीं पोंचणें निराळें. पहिला आंकडा दुसऱ्याचा पुरावा होत नाहीं. वाढत्या वयाच्या मुलाचा चेहरा बदलतो. जुन्या अस्पष्ट छायाचित्रावरून मिळतें तें केवळ सादृश्य.

याच्या उलट नागपूरचें उदाहरण पाहावें. तेथील स्थानकावर २०१६ सालीं सांपडलेला एक मुलगा बोलूं शकत नव्हता. २०२२ सालीं संस्थेच्या व्यवस्थापकानें त्यास आधारनोंदणीसाठीं नेलें. पण नोंदणी पुनःपुन्हां नाकारली जाई, कारण त्याच्या बोटांचे ठसे बिहारमधील एका जुन्या नोंदीशीं जुळत होते. ज्यास कचेरी अडचण समजली ती वस्तुतः दुसरी प्रत होती! संस्थेनें पाठपुरावा केला, आधारच्या कचेरीनें जुनी नोंद तपासली, स्थानिक पोलिसांच्या मदतीनें घरचीं माणसें मिळालीं. तिघांपैकीं एकहि नसता तर काम अडलें असतें. मात्र हें साधन सार्वत्रिक नव्हे: पांच वर्षांखालील मुलांचे ठसे घेतले जात नाहींत, आणि घेतलेले ठसे इतरांस देण्यास कायद्याची मनाई आहे.

सादृश्यास प्रमाण मानल्यानें काय होतें, हें महाराष्ट्रास सांगावयास नको. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया उभा राहिला; रूपावर भुलून कित्येकांनीं त्यास भाऊ मानिलें, आणि १७७६ त त्याचा शेवट होईपर्यंत राज्यास केवढा घोर लागला! अक्षराच्या वळणावरून आम्ही एखाद्या पत्राचा लेखक चुकीचा ठरविला, तर पुढच्या अंकांत दुरुस्ति छापतां येते. मूल भलत्याच्या हातीं दिलें गेलें, तर तशी सोय नाहीं. म्हणून यंत्रानें माग दाखवावा, निर्णय चौकशीनें व्हावा, आणि मूळ नोंद करणाऱ्यानें मुलाची बोली, अंगावरील खुणा व त्यानें उच्चारलेलें गांवाचें नांव, तें कितीहि अशुद्ध वाटो, जसेंच्या तसें लिहून ठेवावें. जुन्या कागदांत मूळ पाठ सुधारूं नये, हा आपला नियम येथेंहि लागू आहे. 'शुद्ध' करून लिहिलेल्या नांवाचें गांव कोठेंच सांपडत नाहीं; मुलाच्या बोबड्या उच्चारांतलें कधीं कधीं सांपडतें.