हिरव्या रेघेखालून

सायप्रस म्हटले की भूमध्य समुद्रातले एक निसर्गरम्य बेट डोळ्यांपुढे येते. पण या बेटाची राजधानी निकोसिया आजही दोन तुकड्यांत विभागलेली आहे. शहराच्या मधोमध काटेरी तारा, चौक्या आणि ओस पडलेली घरे आहेत. दक्षिणेला ग्रीक बोलणारे ख्रिस्ती राहतात, उत्तरेला तुर्की बोलणारे मुसलमान. या हद्दीला ‘हिरवी रेघ’ म्हणतात. डिसेंबर १९६३ मध्ये दंगली उसळल्या तेव्हा एका ब्रिटिश सेनाधिकाऱ्याने नकाशावर हिरव्या पेन्सिलीने ती ओढली. दंगल शमेपर्यंतची ती सोय होती.

१९६० साली ब्रिटिशांचे राज्य संपून सायप्रस प्रजासत्ताक झाले. राष्ट्राध्यक्षपदी ग्रीक आर्चबिशप मकारिओस आले, उपराष्ट्राध्यक्षपदी तुर्की समाजाचे डॉ. फाझिल कुचुक. पण अनेक ग्रीकांना ग्रीसमध्ये विलीन व्हायचे होते आणि अनेक तुर्कांना बेटाची वाटणी हवी होती. तीन वर्षांत घडी विस्कटली. १९६४ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाची शांतिसेना आली. आपले जनरल थिमय्या तिचे प्रमुख होते. डिसेंबर १९६५ मध्ये तिथेच त्यांचे निधन झाले. सायप्रसने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

जुलै १९७४ मध्ये ग्रीसमधल्या लष्करशहांच्या चिथावणीने मकारिओस यांच्याविरुद्ध बंड झाले. पाचच दिवसांत तुर्कस्तानचे सैन्य उतरले आणि ऑगस्टपर्यंत त्याने बेटाचा एकतृतीयांशाहून अधिक भाग व्यापला. दीड लाखाहून अधिक ग्रीक दक्षिणेकडे आले, चाळीस हजारांहून अधिक तुर्क उत्तरेकडे गेले. फाळणी म्हणजे काय, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. शहरातली रेघ आता बेटभर, सुमारे १८० किलोमीटर झाली. १९८३ मध्ये उत्तरेने स्वतंत्र प्रजासत्ताकाची घोषणा केली. त्याला मान्यता फक्त तुर्कस्तानने दिली.

पुढे युरोपीय महासंघाची आशा दिसू लागली. समृद्धीच्या ओढीने दोन्ही बाजू समेट करतील, असा हिशेब होता. पण ग्रीस आधीपासूनच महासंघाचा सदस्य होता. सायप्रसला वगळाल तर पूर्व युरोपच्या देशांचाही प्रवेश अडवू, असा त्याचा पवित्रा होता. डिसेंबर १९९९ मध्ये हेलसिंकी येथे महासंघाने सांगून टाकले, की समेट ही प्रवेशाची अट असणार नाही. गाठ सुटण्याआधीच बक्षीस ठरून गेले.

एप्रिल २००३ मध्ये हद्दीवरची दारे अचानक उघडली. लोक रांगा लावून आपली जुनी घरे पाहायला गेले. घरात दुसरीच माणसे राहत होती. कुठे कडवटपणा आला, कुठे कॉफीचा पेला पुढे झाला, कुठे जपून ठेवलेले जुने फोटो परत मिळाले.

वर्षभराने, २४ एप्रिल २००४ रोजी, कोफी अन्नान यांच्या एकीकरण योजनेवर दोन्हीकडे सार्वमत झाले. उत्तरेत सुमारे ६५ टक्के लोकांनी होकार दिला, दक्षिणेत सुमारे ७६ टक्क्यांनी नकार. नकार देणाऱ्यांची भीती खोटी नव्हती. काही तुर्की सैन्य राहणार होते आणि सगळ्या निर्वासितांना आपल्या घरी परतता येणार नव्हते. पण आठवड्याने, १ मे रोजी सायप्रस महासंघात गेला. कायद्याने सगळे बेट आत गेले, तरी महासंघाचे नियम उत्तरेत स्थगितच राहिले. ‘हो’ म्हणणारे बाहेर राहिले. २०१७ मध्ये स्वित्झर्लंडमधली बोलणीही फिसकटली.

मग काहीच जुळले नाही का? जुळले, पण ते परिषदांच्या बाहेर. जमिनीखालचे सांडपाणी रेघ ओळखत नाही. १९७८ मध्ये निकोसियाच्या दोन भागांचे प्रमुख, ग्रीक लेलोस दिमित्रियादिस आणि तुर्की मुस्तफा अकिंजी, यांनी एकत्र मलनिस्सारण योजना मान्य केली. तेव्हा एका बाजूचे सरकार दुसऱ्या बाजूचे अस्तित्वही मानत नव्हते. दोन्हीकडचे सांडपाणी उत्तरेतल्या एकाच केंद्रात जाऊ लागले. हेच अकिंजी २०१५ मध्ये उत्तरेचे नेते झाले.

दुसरे काम बेपत्ता माणसांचे. दोन्ही समाजांच्या यादीत २००२ नावे आहेत, १५१० ग्रीक आणि ४९२ तुर्क. संयुक्त राष्ट्रसंघाच्या मदतीने १९८१ मध्ये स्थापन झालेल्या संयुक्त समितीचे दोन्हीकडचे शास्त्रज्ञ एकत्र जमीन खणतात, हाडे जुळवतात आणि अवशेष घरच्यांच्या हाती देतात. आजवर हजाराहून अधिक माणसांची ओळख पटली आहे. एकाच टेबलावर ठेवलेली हाडे कुठल्या धर्माची, हे पाहून सांगता येत नाही.

ऑक्टोबर २०२५ मध्ये उत्तरेच्या मतदारांनी संघराज्याच्या बाजूचे तुफान एरहुर्मान यांना मोठ्या बहुमताने निवडून दिले. बोलणी पुन्हा रुळावर येतील, अशी आशा त्यातून निर्माण झाली. समेट झालाच, तर तो वरून मिळालेल्या बक्षिसामुळे होईल असे मला वाटत नाही. ज्यांनी एकमेकांचे सांडपाणी वाहून नेले आणि एकमेकांचे मृत शोधून दिले, त्यांच्या भरवशावर तो होईल.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)