मित्राच्या मैदानावर

बांडुंग परिषदेचे नाव आमच्या विद्यार्थ्यांना तोंडपाठ असते, कारण त्यावर परीक्षेत एका मार्काचा प्रश्न येतो. १९५५ साली आशिया-आफ्रिकेतील २९ देश तिथे जमले, हेही ते सांगतात. पण त्यानंतर सातच वर्षांनी त्याच इंडोनेशियाच्या राजधानीत भारतीय वकिलातीवर जमाव चालून गेला आणि भरल्या स्टेडियममध्ये भारताच्या राष्ट्रगीताची हुर्यो उडवली गेली, हा धडा आम्हाला कुठल्याही पाठ्यपुस्तकात सापडला नाही. निमित्त होते चौथ्या आशियाई क्रीडा स्पर्धांचे.

या दोन देशांची दोस्ती काही आजकालची नव्हती. १९४७ साली डचांची नाकेबंदी चुकवून इंडोनेशियाच्या नेत्यांना विमानाने बाहेर काढणारे बिजू पटनाईक आपले होते. २६ जानेवारी १९५० रोजी आपल्या पहिल्या प्रजासत्ताक दिनाचे पाहुणे होते राष्ट्राध्यक्ष सुकार्नो. पुढच्याच वर्षी, मार्च १९५१ मध्ये, दिल्लीत ११ देशांच्या पहिल्या आशियाई स्पर्धा भरल्या. त्यामागची खटपट गुरुदत्त सोंधी यांची. हे गृहस्थ फाळणीपूर्वी लाहोरच्या गव्हर्नमेंट कॉलेजचे प्राचार्य होते. म्हणजे आमच्याच पेशातले.

१९६२ चे यजमानपद जकार्ताला मिळाले. सुकार्नोंनी सोव्हिएत कर्जातून सेनायानचे प्रचंड स्टेडियम उभारले. नियम असा की, आशियाई महासंघाच्या प्रत्येक सदस्याला निमंत्रण द्यायचे. पण चीनला तैवान नको होता आणि अरब देशांना इस्रायल. इंडोनेशियाने उघड नकार दिला नाही. तैवानच्या खेळाडूंच्या हाती ओळखपत्रांऐवजी कोरी कार्डे पडली. इस्रायलला व्हिसा मिळालेच नाहीत.

पॅलेस्टाइनचे दुःख आपल्या घराघरात कळते. त्यामुळे सुकार्नोंची बाजू आपल्याला पटकन पटावी, हे साहजिक आहे. तरीही आम्हाला वाटते, विरोधच करायचा होता तर यजमानपद घेतानाच तो छातीठोकपणे सांगायचा होता. सर्वांना बोलावण्याचा वायदा करून मागाहून कोरी कार्डे पाठवणे, याला तत्त्वनिष्ठा कसे म्हणावे?

सोंधींनी नेमका हाच मुद्दा धरला. या स्पर्धांना ‘आशियाई स्पर्धा’ हे नाव लावता येणार नाही, त्या फार तर ‘जकार्ता स्पर्धा’ म्हणाव्यात, अशी त्यांची मागणी होती. नियमाने ते बरोबर होते. परंतु नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशाने सारे जग आपल्या दारी बोलावले असताना हे ऐकणे त्या लोकांना घाव घातल्यासारखे झाले. ३ सप्टेंबरला जमाव भारतीय वकिलातीत घुसला, सोंधी उतरले होते त्या हॉटेल इंडोनेशियातही गेला. सोंधींना घाईघाईने जकार्ता सोडावे लागले.

आणि दुसऱ्याच दिवशी भारताचा फुटबॉलचा अंतिम सामना!

सामना दक्षिण कोरियाशी. सुमारे लाखभर प्रेक्षक, आणि सगळा रोख भारताविरुद्ध. सोंधी निघून गेले, पण त्यांच्या शब्दांची किंमत मैदानावरच्या अकरा मुलांना मोजावी लागत होती. त्यांचे प्रशिक्षक होते हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. उस्मानिया विद्यापीठात शिकलेले, शाळांतून वर्षानुवर्षे शिकवलेले. खेळाडू त्यांना ‘रहीमसाहेब’ म्हणत. याच कोरियाने स्पर्धेच्या पहिल्या सामन्यात भारताला २-० ने हरवले होते. बचावपटू जर्नैल सिंगच्या डोक्याला टाके पडलेले. रहीमसाहेबांनी त्यालाच आघाडीला धाडले. पी. के. बॅनर्जी आणि पाठोपाठ जर्नैल, पहिल्या वीस मिनिटांतच दोन गोल झाले. कोरियाने शेवटी एक फेडला, पण भारत २-१ ने जिंकला. त्या संघात गोव्याच्या कोलवाळचा, मुंबईत टाटांकडून खेळणारा फॉर्च्युनाटो फ्रँकोही होता.

त्या गर्दीत भारतासाठी ओरडणारे कोण होते? खेळाडूंच्या आठवणी सांगतात की, पाकिस्तानचा हॉकी संघ! त्याच स्पर्धेत हॉकीच्या अंतिम सामन्यात त्यांनी आपल्याला २-० ने हरवले होते. रहीमसाहेब पुढच्या वर्षी जूनमध्ये कर्करोगाने गेले. आशियाई फुटबॉलचे सुवर्णपदक त्यानंतर आपल्याकडे आलेले नाही. २०२४ साली ‘मैदान’ चित्रपट आला, तेव्हा कुठे नव्या पिढीला त्यांचे नाव कळले.

फेब्रुवारी १९६३ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने इंडोनेशियाला निलंबित केले. खेळात राजकारण आणले, हा आरोप. याच समितीने १९६० च्या रोम ऑलिंपिकपर्यंत दक्षिण आफ्रिकेचा फक्त गोऱ्यांचा संघ खपवून घेतला होता! सुकार्नोंनी सरळ उत्तर दिले: खेळ आणि राजकारण वेगळे नाहीतच. त्यांनी ‘गानेफो’, म्हणजे नवोदित शक्तींच्या स्पर्धा, नोव्हेंबर १९६३ मध्ये जकार्तातच भरवल्या. सुमारे ५० देशांचे खेळाडू आले, पैशाचा मोठा भार चीनने उचलला. भारत गेला नाही.

या स्पर्धेत उत्तर कोरियाची शिन गुम-दान ८०० मीटर १ मिनिट ५९.१ सेकंदांत धावली. विक्रम कुणी नोंदवला नाही, कारण स्पर्धाच मान्य नव्हती. उलट गानेफोत उतरलेल्या धावपटूंवर आणि जलतरणपटूंवर बंदी आली. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकला उत्तर कोरिया आणि इंडोनेशियाचे संघ आले आणि न खेळताच परतले. शिनचे वडील कोरियन युद्धात दक्षिणेकडे गेले होते. मुलगी टोकियोत आल्याचे कळताच ते धावत आले. चौदा वर्षांनी बापलेकीची भेट झाली, तीही काही मिनिटांची. लगेच तिला परतीच्या वाटेला लागावे लागले.

सुकार्नोंची सत्ता १९६६ मध्ये हातून निसटली आणि १९६७ ची कैरोतील दुसरी गानेफो झालीच नाही. १८ ऑगस्ट २०१८ रोजी सेनायानच्या त्याच मैदानावर पुन्हा आशियाई स्पर्धांचे उद्घाटन झाले. तैवान ‘चायनीज तैपेई’ या नावाने आला. इस्रायल कधीच युरोपच्या गटात गेला होता. दोन्ही कोरियांचे खेळाडू मात्र एकाच झेंड्याखाली चालत आले.