‘ती गुळवेल नव्हतीच’: एका उत्तराचा इतिहास

गुळवेलीला आयुर्वेदात अमृता, गुडूची, छिन्नरुहा अशी अनेक नावे आहेत. छिन्नरुहा म्हणजे तोडली तरी पुन्हा रुजणारी. आमच्या रांजणगाव परिसरात, शिरूर तालुक्यातल्या कमी पावसाच्या पट्ट्यात, बांधावरच्या कडुनिंबावर ती चढलेली दिसते. निंबावरची गुळवेल सर्वांत गुणाची, हे इथे कुणाला शिकवावे लागत नाही. ताप रेंगाळला की बोटाएवढी कांडी तोडायची, ठेचायची, उकळायची आणि तोंड वाकडे करून प्यायची.

या वेलीवर मुंबईतल्या डॉक्टरांनी दोन महत्त्वाचे शोधनिबंध लिहिले. पहिला १९९३ साली प्रसिद्ध झाला, दुसरा २०२१ साली. दोन्हींचा विषय यकृताचा. शस्त्रक्रियेला सामोरे जाणाऱ्या काविळीच्या रुग्णांना गुळवेलीचा उपयोग झाला, असे पहिल्याने दाखवले. गुळवेल घेतल्यानंतर काही माणसांचे यकृत बिघडले, असे दुसऱ्याने नोंदवले. पहिल्या निबंधाचा अभिमान बाळगला गेला आणि दुसऱ्याला मिळाले ते खंडनाचे पत्रक. त्या पत्रकातल्या उत्तराचा माग काढणे एवढाच या लेखाचा हेतू आहे. मी डॉक्टर नाही, वैद्यही नाही. जुने औषधिग्रंथ, शोधनिबंध, राजपत्रे आणि न्यायालयांचे निकाल वाचायची सवय हेच माझे भांडवल.

खलातून बाटलीत

इंग्रजांच्या औषधशास्त्राने ही वेल लवकर उचलली. १८६८ सालच्या ‘फार्माकोपिया ऑफ इंडिया’त तिला स्थान मिळाले. मुंबईत काम केलेल्या विल्यम डायमॉक यांनी वॉर्डन आणि हूपर यांच्यासह १८९० ते १८९३ या काळात काढलेल्या ‘फार्माकोग्राफिया इंडिका’त ती आहे. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर आणि बामनदास बसू यांच्या १९१८ सालच्या भारतीय वनौषधींवरील ग्रंथातही ती आहे. म्हणजे गुळवेलीकडे आधुनिक विज्ञानाने दुर्लक्ष केले, ही तक्रार इतिहासाला धरून नाही.

बदल झाला तो औषध देण्याच्या रीतीत. कृष्णशास्त्री पुराणिक यांनी पनवेलला १८७२ साली धूतपापेश्वर कारखान्याची सुरुवात केली. मुंबईत १९१० साली झंडू फार्मास्युटिकल उभी राहिली. वैद्याच्या खलातले औषध कारखान्यात तयार होऊन बाटलीत आले आणि ज्या गावात वैद्य नव्हता तिथेही पोचले. हा फायदा मोठाच होता. पण वैद्य औषध देण्याआधी माणूस बघत असे. त्याचे वय, कोठा, ऋतू, आधीचे दुखणे विचारत असे आणि आठ दिवसांनी पुन्हा बोलावत असे. बाटली विकत घेणाऱ्याला यातले काहीच विचारत नाही. म्हणून वैद्याची नजर जे काम करत होती ते आता कायद्याने आणि उत्पादकाने करणे भाग होते.

कायद्याने ते अर्धेच केले. १९४०च्या औषध कायद्यात १९६४च्या दुरुस्तीने आयुर्वेदिक औषधे आली, परवाने सुरू झाले. पुढे २०१० साली नियमांत १५८-बी हे कलम आले. त्याचा गाभा असा, की औषध कायद्याने मान्य केलेल्या प्राचीन ग्रंथांतले असेल आणि त्याच उपयोगासाठी विकायचे असेल, तर त्याच्या सुरक्षिततेचा नवा अभ्यास मागितला जात नाही. ग्रंथ हाच पुरावा. हे तत्त्व मला सरसकट चुकीचे वाटत नाही. शेकडो वर्षांच्या वापराला किंमत आहेच. मात्र ग्रंथात औषधाबरोबर वैद्यही गृहीत धरलेला आहे. आपण औषध उचलले आणि वैद्याला ग्रंथातच ठेवून आलो.

परळचा प्रयोग

१९९३चा निबंध परळच्या के.ई.एम. रुग्णालयातला. तो लिहिणाऱ्यांत डॉ. निर्मला रेगे, डॉ. रवी बापट आणि डॉ. शरदिनी डहाणूकर यांची नावे आहेत. यांपैकी बापट आणि डहाणूकर मराठी वाचकाला लेखक म्हणूनही परिचित आहेत. पित्तमार्ग अडल्याने कावीळ झालेल्या रुग्णांची शस्त्रक्रिया तेव्हा फार जोखमीची असे, कारण त्यांची प्रतिकारशक्ती खचलेली असे आणि जंतुसंसर्ग रक्तात पसरत असे. या मंडळींनी ३० रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला नेहमीचे उपचार दिले. दुसऱ्याला तेच उपचार आणि शिवाय गुळवेल, शरीराच्या दर किलो वजनामागे रोज १६ मिलिग्रॅम, फक्त पित्ताचा निचरा चालू असेपर्यंत.

पहिल्या गटातल्या निम्म्या रुग्णांत रक्तातल्या जंतुसंसर्गाची लक्षणे दिसली, गुळवेलीच्या गटात एकातही नाही. शस्त्रक्रियेनंतर वाचलेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात ४० टक्के होते, दुसऱ्यात ९२.४ टक्के. जंतू गिळून मारण्याची पांढऱ्या पेशींची क्षमता गुळवेल घेणाऱ्यांतच पूर्ववत झाली. यकृताचे काम मात्र दोन्ही गटांत सारखेच राहिले. म्हणजे गुळवेलीने यकृत दुरुस्त केले नव्हते, प्रतिकारशक्ती जागी केली होती. हा बारकावा पुढे महत्त्वाचा ठरणार होता.

या प्रयोगाचे मोठेपण मला त्याच्या मर्यादांत दिसते. मात्रा मोजलेली, मुदत ठरलेली, रुग्ण डोळ्यांसमोर, तुलनेला दुसरा गट. गुळवेलीवर श्रद्धा असूनही तिला तपासायला लावणारी ही माणसे होती.

करोनाचे वर्ष

मग २०२० आले. ‘इम्युनिटी’ हा शब्द त्या वर्षी आमच्या गावात महागणपतीच्या नावाइतकाच ऐकू येऊ लागला. एमआयडीसीतले कारखाने पुन्हा सुरू झाले तसे पाळीला जाणारी पोरे डब्याबरोबर काढ्याची बाटलीही नेऊ लागली. बांधावरच्या निंबावरच्या वेली बुंध्यापासून तोडल्या गेल्या आणि नगर रस्त्यावरच्या दुकानांत गुळवेलीच्या गोळ्या, रस, चूर्ण फळीवर पुढे आले. 

आयुष मंत्रालयाने ६ ऑक्टोबर २०२० रोजी करोनासाठी आयुर्वेद व योग यांवर आधारित उपचारांची नियमावली जाहीर केली. तीत गुळवेलीच्या अर्काची ५०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा, १५ दिवस किंवा एक महिना, अशी सूचना होती. यातली मुदत लक्षात ठेवण्याजोगी आहे. गोळ्यांची नावे घरोघरी पोचली. मुदत कुणाच्या ध्यानात राहिली नाही, आणि मी पाहिलेल्या बाटल्यांवर ती छापलेलीही नव्हती.

त्याच सुमारास, सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या चार महिन्यांत, मुंबईत डॉ. आभा नगराळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांकडे यकृताला इजा झालेले सहा रुग्ण आले. सगळ्यांनी गुळवेल घेतली होती. काहींना आधीपासून मधुमेह किंवा थायरॉईड होता. त्यांतली ६२ वर्षांची एक स्त्री दगावली. यकृताचे तुकडे तपासले तेव्हा शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटल्यासारख्या खुणा दिसल्या. गुळवेल अशा आजाराला चालना देते किंवा आत दडलेला आजार वर आणते, असा त्या डॉक्टरांचा निष्कर्ष होता. यकृताच्या अभ्यासाला वाहिलेल्या भारतीय नियतकालिकात २०२१ साली हा निबंध आला. परळला जो गुण जंतूंवर चालला होता, त्याचीच ही दुसरी बाजू असू शकते, हे इथे वाचकाच्या ध्यानात येईल.

उत्तर आणि त्याचा अर्थ

सर्वांत ठळक उत्तर आले ते आयुष मंत्रालयाकडून, जुलै २०२१ मध्ये. या क्षेत्राची वाढ करणे आणि त्याच्या नियमांवर लक्ष ठेवणे ही दोन्ही कामे ज्याच्याकडे आहेत, त्याच खात्याने उद्योगाची बाजू मांडली. गुळवेलीचा यकृताच्या इजेशी संबंध जोडणे दिशाभूल करणारे आहे, रुग्णांनी नेमके काय घेतले याचे विश्लेषण लेखकांनी केलेले नाही, आणि ती ‘टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया’च होती, तिच्यासारखी दिसणारी ‘टिनोस्पोरा क्रिस्पा’ नव्हती, याची खात्री करणे त्यांचे काम होते, असा पत्रकाचा सूर होता. क्रिस्पाच्या खोडावर चामखिळीसारखे पुष्कळ उंचवटे असतात. आपल्या गुळवेलीवर तसे नसतात.

या आक्षेपात तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. सहा रुग्ण ही संख्या लहान आहे. तुलनेला गट नव्हता. असंख्य लोकांनी तो काढा प्यायला आणि त्यांना काही झाले नाही. पण हाच आक्षेप उलटून पाहिला तर काय दिसते? गुळवेल म्हणून क्रिस्पा माणसाच्या पोटात जाऊ शकते, हे खुद्द मंत्रालयच सांगत होते. मग ती ओळखायची कुणी? काविळीने पिवळा पडून दवाखान्यात आलेल्या रुग्णाच्या डॉक्टरने, की वेल विकत घेऊन, दळून, बाटलीत भरून विकणाऱ्याने? चूर्णात खोडावरच्या चामखिळी दिसत नाहीत. ‘ती गुळवेल नव्हतीच’ हे वाक्य गुळवेलीचा बचाव करते, पण बाटलीचा करत नाही.

यानंतर देशभरातल्या १३ केंद्रांनी मिळून ४३ रुग्णांची नोंद केली. गुळवेल सुरू केल्यापासून त्रास दिसेपर्यंतचा मध्यक काळ ४६ दिवसांचा होता. सर्वाधिक आढळ होता तो आधीचा यकृतविकार एकदम बळावण्याचा. ६७.४ टक्के रुग्णांत औषधाशी संबंध ‘संभाव्य’ ठरला. ‘निश्चित’ असा दावा लेखकांनी केला नाही. मंत्रालयाची मुदत होती फार तर एक महिना आणि इथला काळ ४६ दिवस. हे दोन आकडे शेजारी ठेवले की संशोधन आणि परंपरा यांत भांडण उरतेच असे नाही. मुदत पाळा, आधीचे दुखणे विचारा, हे दोन्ही एकच सांगतात.

फेब्रुवारी २०२२ मध्ये मंत्रालयाने पुन्हा पत्रक काढून गुळवेल सुरक्षित असल्याचे सांगितले. त्याच पत्रकात एक अनमोल मजकूर आहे. औषधाची सुरक्षितता मात्रेवर अवलंबून असते, हे सांगताना त्यांनी फळमाश्यांवरच्या प्रयोगाचा दाखला दिला. कमी प्रमाणात गुळवेलीने माश्यांचे आयुष्य वाढले, जास्त प्रमाणात ते घटत गेले. म्हणून योग्य मात्रेत, जाणकार वैद्याच्या सल्ल्याने घ्यावी. मुंबईच्या डॉक्टरांचे म्हणणे याहून फार वेगळे होते असे मला वाटत नाही.

जुनीच रीत

ही रीत गुळवेलीपुरती नाही. २००४ साली अमेरिकेत रॉबर्ट सेपर यांनी बोस्टन परिसरात विकली जाणारी ७० आयुर्वेदिक उत्पादने तपासली. १४ उत्पादनांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले. इकडे संतापाची लाट आली. मात्र १ जानेवारी २००६ पासून निव्वळ वनस्पतिजन्य औषधांची जड धातूंसाठी तपासणी सक्तीची झाली, ती निर्यातीसाठी. परदेशी गिऱ्हाइकासाठी एक न्याय आणि शिरूरच्या गिऱ्हाइकासाठी दुसरा.

अमेरिकेतली मंडळीही साधुसंत नव्हती. तिथे १९९४च्या कायद्याने पूरक आहाराच्या उत्पादकांना विक्रीआधी सुरक्षितता सिद्ध करण्याच्या जाचातून बरेचसे मोकळे केले. एफेड्रा ही वनस्पती वजन कमी करण्यासाठी विकणाऱ्या मेटाबोलाईफ कंपनीकडे १३ हजारांहून अधिक तक्रारी साठल्या होत्या. त्या तिने सरकारला दिल्या २००२ साली. एफेड्रावर बंदी आली २००४ मध्ये.

आपल्याकडे बाटलीला दुसरेही दार आहे, अन्नाचे. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ८ मे २०१३च्या सूचनेने अशा उत्पादनांना आधी मंजुरी घ्यायला लावली. व्हायटल न्यूट्रास्युटिकल्सने तिला आव्हान दिले आणि मुंबई उच्च न्यायालयाने ३० जून २०१४ रोजी ती रद्द केली. १९ ऑगस्ट २०१५ला सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल कायम केला. कारण असे, की नियम करण्याची कायदेशीर पद्धत पाळलेली नव्हती. निकाल रास्त होता. पण उद्योगाचा हा विजय कार्यपद्धतीवर मिळाला. मालाच्या गुणाची चर्चा तिथे झालीच नाही. आधी मंजुरीची ती पद्धत संपली. २०१६ साली रीतसर नियम आले.

जाहिरातींचे तसेच. डिसेंबर २०१८ मध्ये आलेल्या १७०व्या नियमाने आयुर्वेदिक औषधांच्या जाहिरातीला पूर्वपरवानगी लागू केली. उत्पादक न्यायालयांत गेले. १ जुलै २०२४ला सरकारनेच तो नियम वगळला, ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या वगळण्याला स्थगिती दिली आणि २०२५च्या ऑगस्टमध्ये प्रकरण निकाली निघताना ती स्थगितीही उठली.

ही सगळी कागदपत्रे एकत्र वाचली की एक गोष्ट स्पष्ट होते. संशोधनाला उत्तर दरवेळी पत्रकाने, वकिलाने किंवा अभिमानाने दिले गेले. नव्या संशोधनाने क्वचितच. उत्तर देणे अवघड नव्हते. वेल कुठून आणली, कोणी ओळखली, किती दिवस घ्यायची, यकृताचा किंवा स्वतःच्याच शरीरावर उलटणारा आजार असलेल्याने आधी कोणाला विचारायचे, या चार ओळी बाटलीवर छापता आल्या असत्या. त्रास झालेल्यांची नोंद उघडपणे ठेवता आली असती. त्यासाठी आयुर्वेदाचा एकही श्लोक बदलावा लागला नसता.

गुळवेलीचा खरा मान परळच्या त्या ३० रुग्णांच्या प्रयोगात राखला गेला होता, कारण तिथे तिला प्रश्न विचारले गेले. छिन्नरुहा आहे ती. कापली तरी फुटते. प्रश्नांनी ती मरणार नाही. न विचारलेल्या प्रश्नांची किंमत मात्र माणसे मोजतात, आणि त्यांची नावे कोणत्याही बाटलीवर छापलेली नसतात.