जुन्नरची न आलेली आगगाडी

नाणेघाटांतून बैलांचे तांडे कोंकणांत उतरत, तेव्हां जुन्नर ही मोठी पेठ होती. आगगाडीनें मात्र सह्याद्रि ओलांडला तो १८६३ सालीं बोरघाटांतून व १८६५ सालीं थळघाटांतून. मधले जुन्नर व आंबेगांव तालुके कोरडेच राहिले.

बोरघाटांत ३७ फुटांस १ फूट असा चढ. कोळशाचें एंजिन धापा टाकीत चढे आणि बोगद्यांत धूर कोंडून राही. धुरावर कायदा नव्हता असें नाहीं. मुंबईचा धूरनिवारण कायदा १९१२ चा आहे. पण घाट निर्धूर केला तो विजेनें. १ जून १९३० रोजीं ‘दख्खनची राणी’ धांवूं लागली ती विजेवरच.

पुण्याच्या पलीकडे वीज यावयास पुष्कळ वर्षें लागलीं. तेथें कोळशाची जागा डिझेलनें घेतली. १९६२ सालीं अमेरिकेंतील आल्को कंपनीचीं २६०० अश्वशक्तीचीं एंजिनें आलीं आणि १९६४ पासून तीं बनारसला होऊं लागलीं. गाडी निघतांना तेल झपाट्यानें आंत जाई, हवा मागें पडे, आणि काळा लोट उठे. खरी अडचण पुढेंच आहे. ज्वलन अधिक तप्त केलें कीं काजळी घटते, पण नत्राचे विषारी वायु वाढतात. एकास दाबावें तों दुसरें डोकें वर काढतें! अमेरिकेनें २००० सालापासून रेल्वे-एंजिनांच्या धुरास मर्यादा घातली व २०१५ पासून नव्या एंजिनांपुरती ती फारच कडक केली. आपल्याकडे मोटारींना असे नियम लागले, रेल्वे-एंजिनें मात्र दीर्घकाळ मोकळीं राहिलीं. येथें धूर गाळण्यापेक्षां डिझेलच काढणें पसंत पडलें. २०१८ सालीं बनारसच्या त्याच कारखान्यानें जुन्या डिझेल एंजिनांचें विजेच्या एंजिनांत रूपांतर केलें.

अशा स्थितींत मंचर-नारायणगांवावरून पुणें-नाशिक विद्युत् गाडीची योजना निघाली. धुराचा प्रश्नच उरला नव्हता. पण जुन्नर तालुक्यांतील खोडद येथें प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखालीं उभारलेली महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या ३० तबकड्या, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. आकाशांतून येणाऱ्या अतिक्षीण रेडिओलहरी त्या टिपतात. विजेच्या गाडीच्या तारेवर उडणारी ठिणगीही अशा लहरी फेंकते, आणि तो अदृश्य धूर दुर्बिणीस सोसत नाहीं. याच कारणास्तव रेल्वे खात्यानें हा मार्ग नाकारला व अहिल्यानगर-शिर्डीकडील मार्ग पुढें केला. शास्त्रज्ञांचा आक्षेप खरा आहे. पण त्याची किंमत गांवकरी देत आहेत. नारायणगांवचे टोमॅटो आजही मालमोटारींतूनच, म्हणजे डिझेल जाळीतच, बाहेर जातात.