सुरक्षित विष, पण कोणासाठी?

कार्बारिल या कीटकनाशकाची एक गोष्ट आवर्जून सांगितली जाते: ते डीडीटीसारखे वर्षानुवर्षे शरीरात साठून राहत नाही. गोष्ट खरी आहे. युनियन कार्बाइड या अमेरिकन कंपनीने १९५०च्या दशकात ते ‘सेव्हिन’ नावाने बाजारात आणले. कापसापासून घरच्या बागेपर्यंत त्याची फवारणी झाली. आमचा प्रश्न एवढाच आहे: हे विष सुरक्षित, पण कोणासाठी?

कार्बारिल हे कार्बामेट गटातले औषध. हा गट किडीच्या मज्जासंस्थेतील ॲसिटिलकोलिनेस्टरेज हे एन्झाइम रोखतो. तेच एन्झाइम माणसातही असते. औषध अंगात गेले की लाळ आणि घाम सुटतो, बाहुल्या बारीक होतात, श्वास कोंडतो. कार्बारिल त्यातल्या त्यात सौम्य. ॲल्डिकार्ब आणि कार्बोफ्युरान मात्र अत्यंत जहाल. ऑरगॅनोफॉस्फेटपेक्षा कार्बामेटची पकड लवकर सुटते. ॲट्रोपिन वेळेवर मिळाले तर माणूस वाचतो. पण मजुराच्या बाबतीत ‘वेळेवर’ म्हणजे दवाखान्याचे अंतर आणि खिशातले पैसे.

आता कारखान्याकडे पाहू. भोपाळमध्ये सेव्हिन बनत असे ते मिथाइल आयसोसायनेटपासून. हा वायू न वापरताही कार्बारिल बनवता येते, तरी कंपनीने हाच मार्ग निवडला आणि टनावारी साठा केला. २ डिसेंबर १९८४च्या रात्री टाकीत पाणी शिरले. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा बंद होती, निसटलेला वायू जाळणारा मनोराही बंद होता. सुमारे ४० टन वायू बाहेर पडला. तो हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरला आणि कारखान्याला लागून असलेल्या जयप्रकाशनगर, काझी कॅम्पसारख्या गरिबांच्या वस्त्यांत शिरला. हजारो माणसे मेली. सरकारनेच पुढे साडेपाच लाखांहून अधिक जखमी मान्य केले. १९८९मध्ये ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली.

भारतात कार्बारिलवर बंदी आली २०१८मध्ये, म्हणजे भोपाळनंतर ३४ वर्षांनी.

म्हणून विषारीपणा केवळ प्रयोगशाळेत उंदरांवर मोजून भागत नाही, असे आम्ही म्हणतो. डब्यावरची सूचना शेतमालकासाठी छापलेली असते. ते औषध कोण बनवतो, पाठीवर पंप घेऊन कोण फवारतो आणि कारखान्याच्या भिंतीला लागून कोण राहतो, याचा हिशेब तिच्यात नसतो. परवाना देण्याआधी हा हिशेब मागितला पाहिजे, आणि तो मागण्याचा पहिला हक्क त्या वस्तीतल्या माणसांचा आहे.